हरणीच्या पोटातलं बी

१२ नोव्हेंबर
परवा आमच्या हरणी गायीने सड्याच्या कातळमाळावरची जांभळी शेंगवेल कचाकच खाल्ली. शेंगांसकट! जीव भांड्यात पडला. बी गुरांच्या पोटातून जातं आणि शेणातून लांब जाऊन रुजतं — माझा सगळा प्रबंध तिच्या पोटावर उभा आहे.

आज तिचं शेण पिशवीत भरताना बाबा म्हणाले, "इतक्या शिकान शेवटी शेणच!" आणि पिशवीचं तोंड धरून उभे राहिले. उरलेलं आईने घरापुढचं खळं सारवायला नेलं. मी अडवलं नाही. भरपूर होतं.

३ डिसेंबर
सडा गेला. नव्या मालकाने यंत्र लावून पार खरवडून काढला, काजू लावायचेत. ही वेल आसपास दुसरीकडे कुठेच नाही, मी वणवण करून पाहिलंय. आता जे काही बी उरलंय ते माझ्या पिशवीत.

हसू आलं. मग रडलेच.

१९ जानेवारी
हरणी आणि तिची पाडी विकली. बाबांचे गुडघे गेलेत. "सडोच नाय, तर चरतली खंय?" बाबा म्हणाले. आई रिकामा गोठा झाडत राहिली.

२ मार्च
कुडाळ. खोलीच्या गॅलरीत शेणाचे ट्रे, वर हिरवी जाळी, रोज पाणी. तान्ह्या बाळासारखं जपतेय. काही नाही.

१४ एप्रिल
बुरशी.

२५ जून
पाऊस लागलाय, तरी एक कोंब नाही. सर फोनवर म्हणाले, "विषय बदलूया, नम्रता." बोलायला यांचं काय जातं! पण खरं सांगायचं तर मीही आतून सोडून दिलंय. ती वेल संपली. ट्रे धुऊन उपडे घातले.

११ जुलै
घरी आले. जेवताना आई म्हणाली, "यंदा खळ्यात रान केवढा इलेला! काल सगळा उपटून व्हाळाच्या पाण्यात टाकलंय." हातातला घास तसाच टाकून धावले.

तुळशीच्या बुडाशी एकच वेल उरलीय. तीच, जांभळ्या देठाची. "तुळशीकडला कसा उपटू गो?" आई मागून म्हणाली. उन्हाळाभर खळ्यात सारवलेल्या शेणात तापलेलं बी रुजलं, माझं सावलीत कुजलं.

नोव्हेंबरात तिला शेंगा धरतील. गोठ्यात खायला कोणी नाही.