गौराबाईची सावड

प्रिय भाग्यश्री,

पुण्यात बसून तू सावडीचा तक्ता पाठवलास आणि इथं गावात आग लावलीस. कुणाच्या खाचरात कोणत्या दिवशी सगळ्यांनी मिळून लावणी करायची, तुझ्या पडद्यावर ते सगळं उभ्या काड्यांत, आडव्या रेघांत सरळ दिसत असेल गं. आमचे फोन तळहाताएवढे. त्यात ओळ मावेना, ती मोडली, आणि गौराबाईचा मंगळवार घसरून हिरूच्या नावाशेजारी जाऊन बसला. तुझ्या आईनं वाचलं, मी मान डोलावली. माझ्यासारखी चौथी शिकलेली बाई रेघांना नाय कसं म्हणणार?

मंगळवारी सगळ्या बाया हिरूच्या खाचरात. ती टवळी म्हणते, आल्याच आहात तर लावा. आणि तिकडं गौराबाई सगळ्यांच्या भाकऱ्या नि सुकटीचं कालवण झाकून दुपारपर्यंत बांधावर बसलेली. एकटा जीव. तिची रोपं आधीच जून झालीत, अजून थांबली तर भात कसला, नुसता पेंढा. आणि रविवार सोडला तर पुढचे सगळे दिवस दुसऱ्यांचे.

दोष तुझा एकटीचा नाय. पूर्वी जिची लावणी ती आदल्या सांजेला घरोघर हाक मारून यायची. यंदा कोणी उंबरा ओलांडला नाय, फोनवर आलंय ना! आता गौराबाई नळावर मला विचारते, उरलेल्या भाकऱ्या तुझ्या नातीच्या कोणत्या रकान्यात टाकू. मी अर्धीच कळशी उचलून घरी आले. मी!

रकाने अरुंद करून पुन्हा पाठवते म्हणालीस. कर बाई. नायतर एकेकीला तिच्यापुरती एक ओळ धाड. पण त्यानं गौराबाईची रोपं चिखलात जात नाहीत.

म्हणून काल मी काठी टेकत दारोदार फिरले. रविवारी येता का, विचारलं. बाया म्हणाल्या, जिनं तक्ता केला ती आधी चिखलात उतरू दे, मग आमी. मी हो म्हणून आले, तुला न विचारता. शनिवारी कर्जतला उतर, कशेळ्याची जीप धर, जुने कपडे आण. साहेबाला काय सांगायचं ते तुझं तू बघ. गौराबाईलाही सांगितलं. तिनं तोंड फिरवलं. मग विचारलं, पोरीला तिखट चालतं का.

मी म्हटलं, चालवून घेईल.

तुझीच, तुझ्या नावानं शब्द देऊन बसलेली,
आजी