श्रीमती टार्पली आहेत का?

टिलरी, मिसिसिपी
८ जुलै १९६४

ती. बाबांस,
व्हर्निताचा सा. न. वि. वि.

बसस्टँडवर तुम्ही तोंड फिरवून उभे होतात, तरी डोळे पुसताना मी पाहिलं बरं का. आत्याकडे सुखरूप पोचले. डेट्रॉइटने पोरीची हाडं वर काढली म्हणून ती मला मक्याचा पाव आणि तळलेली भेंडी खाऊ घालून घालून मारणार आहे.

दिवसभर आम्ही कॉलेजची मुलं दारोदार फिरतो. आपल्या काळ्या लोकांना मतदार यादीत नाव नोंदवायला कोर्टात चला म्हणून विनवतो. लोक बसायला खुर्ची देतात, प्यायला पाणी देतात, आणि कोर्टाचं नाव काढलं की कापसाच्या गोष्टी सुरू करतात. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्यातले तिघे जूनपासून बेपत्ता आहेत. पण काल आत्याच आपण होऊन म्हणाली, सोमवारी मी येते.

कोर्टातून परतलो की आमच्या ऑफिसातून ट्रंककॉल लावीन. आपलं नेहमीचंच. ऑपरेटर झेबडीला बोलवील, तुम्ही तो घरी नाही म्हणा आणि ठेवून द्या. बोलावलेला माणूस घरी नसला तर पैसे पडत नाहीत, आणि झेबडी, म्हणजे आजोबांचं मेलेलं खेचर, काही फोनवर येत नाही. झेबडी म्हटलं की आम्ही सुखरूप. काही बिनसलं तर तुमच्या नावाने लावीन.

तुमची,
व्हर्निता


डेट्रॉइट
१५ जुलै १९६४

चि. व्हर्निता हिस,
आशीर्वाद नंतर, आधी कान इकडे कर.

सोमवारी कारखान्यात खाडा करून मी फोनपाशी बसलो. संध्याकाळी घंटी वाजली. ऑपरेटर बाई विचारते, श्रीमती ओडेलिया टार्पली आहेत का. झेबडी नाही, मी नाही, माझी बहीण! जी तिकडे तुझ्याबरोबर कोर्टात गेली, तिला इकडे डेट्रॉइटात शोधतायत. माझ्या तोंडून कसंबसं नाही निघालं आणि लाइन कटली. मी धरूनच चाललो की ओडेलिया कोर्टातून परत आलीच नाही आणि कुणीतरी तिचा माग काढतंय. तुमच्या ऑफिसचा नंबर लागता लागेना. मंगळवारी एकदाचा लागला, तेव्हा कळलं की दोघी कालच धडधाकट परतल्यात. खुर्चीत बसलो तो रडलोच. शेजारीण विचारायला आली, कोण गेलं. कोणी गेलं नाही म्हणून रडतोय, हे तिला काही पटेना.

आता रडून झालंय, म्हणून रागावतो. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

तुझा बाप,
लुशियस


टिलरी
१९ जुलै १९६४

चि. लुशियस यास,
ओडेलियाचे अनेक आशीर्वाद.

पोरीला बोलू नकोस. तो उपद्व्याप माझा.

कोर्टात गेलो. बाहेर ट्रकमध्ये बंदूकवाले बसले होते, त्यांच्याकडे मी पाहिलंच नाही. आतला कारकून माझ्या धाकट्याच्या वयाचा. म्हणाला, ए ओडेलिया, इकडे ये. मी उठले नाही. पुन्हा ओरडला. व्हर्निताने कोपराने ढोसलं. मी शांतपणे सांगितलं, श्रीमती टार्पली म्हणाल तर येईन. तो लालबुंद झाला, म्हणाला, मग बैस तशीच. बसले. दुपार गेली. भीती वाटली का विचारशील, तर उठले असते तर थेट दाराबाहेरच पळाले असते रे, म्हणून तर उठत नव्हते. कोर्ट बंद व्हायला आलं तेव्हा त्याने नाव न घेताच हनुवटीने खुणावलं. गेले आणि नाव नोंदवण्याआधी घेतात ती परीक्षा दिली. पास करतील असं वाटत नाही.

ऑफिसात व्हर्निता फोन लावत होती. ऑपरेटरने विचारलं, कुणाला बोलवू. मी पोरीच्या हातातून फोन ओढला आणि श्रीमती लावून माझंच नाव सांगितलं. अरे, आवाजावरून गोरी बाई. जे नाव सांगू ते तिला तसंच म्हणावं लागतं. म्हातारी व्हायला आले, पण गोऱ्या माणसाने कधी मला अहो म्हटलेलं नाही. आहेत का म्हणाली ती, आहेत का. त्या नादात खेचर साफ विसरले.

तुला घोर लावला, तेवढी माफी कर. बाकीची मागत नाही.

तुझी,
ओडेलिया


डेट्रॉइट
३० जुलै १९६४

तीर्थस्वरूप श्रीमती ओडेलिया टार्पली यांस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

नापास केलं, हे व्हर्निताने कळवलं. आणि काल तू शेजारच्या दोघींना घेऊन पुन्हा जाणार होतीस, हेही. तुला काय सांगायचं? मी त्या कोर्टासमोर गोरा माणूस दिसला की फूटपाथवरून खाली उतरणारा. तू आत जाऊन बसतेस. मला तुझा अभिमान वाटतो, आणि भीतीही वाटते. दोन्ही खरं आहे.

काल फोन वाजला. श्रीमती ओडेलिया टार्पली आहेत का. आता खेचराऐवजी तुझ्याच नावाने सुखरूप कळवायचं ठरलंय, तेव्हा जीव भांड्यात पडला. नाही म्हणून ठेवायचं, एवढंच माझं काम. पण तू पलीकडे कान लावून असणार हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, लाइन खराब आहे, नाव ऐकू आलं नाही. बाईने पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, कोण? तिने तिसऱ्यांदा सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं. मग मी सांगितलं, त्या घरी नाहीत, बाई. त्या कोर्टात गेल्यात.

माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझा,
लुशियस