बोरीच्या भोंग्यावर अमेरिकेची परीक्षा

बोरी, ता. जिंतूर
१२ एप्रिल १९७७

प्रिय मेव्हणे दिनकरराव,

तुमच्या बहिणीचा आणि माझा जयभीम. तुमची कंबर आता ऑफिसच्या खुर्चीत बसू देते का, ते आधी कळवा.

तुमच्या भाचीच्या परीक्षेचा खरा खर्च असा: चंद्रभानची पिठाची गिरणी एकोणीस संध्याकाळी बंद, म्हणून निम्म्या बोरीनं रात्री सकाळचीच भाकरी खाल्ली, माझ्या हातची दोन लग्नं गेली (भोंगे लावायची, माझं एकच झालंय, तुम्ही हजर होतात), आणि कासाबाईची शेळी आमच्या नादात बाजारला न्यायची राहिली, ती व्याली, म्हणून ती जमेत धरा.

तुम्हाला ठाऊकच आहे, सत्यशीलाला अमेरिकेतल्या कॉम्प्युटरच्या कॉलेजनं दोन परीक्षा सांगितल्या होत्या. गणिताची तिनं हसत मारली. दुसरी इंग्रजीची, कानानं ऐकून चारांपैकी एका उत्तरावर पेन्सिलीनं खूण करायची. साडेपाचशे आले तर जागा, नाही तर घरी. आणि मुंबईची दुसरी खेप आमच्या ऐपतीत नव्हती. पोरीचं सगळं इंग्रजी मराठी मास्तरांच्या तोंडून आलेलं. रात्रभर जागी राहायची, म्हणायची, "बाबा, वाचलेलं कळतंय, बोललेलं न्हाई."

मग तुम्ही सरावाची तबकडी पाठवलीत. आता मी भोंगेवाला माणूस, एका भाड्याच्या भोंग्यावरून चारांवर आलेला. घरात लहान स्पीकर कशाला असेल? भोंगा छपरावर बांधला, सत्यशीला खाली पेन्सिल घेऊन बसली, आणि अमेरिका सगळ्या बोरीला ऐकू गेली. पहिल्या दिवशी चंद्रभान भांडायला आला. तिसऱ्या दिवशी गिरणी बंद करून ओट्यावर येऊन बसला, वर म्हणतो, "दुसरंच उत्तर हाय, लिही पोरी!" कासाबाई मेंढरं बसवून यायची. तिला अक्षर येत नाही, पण तिसांपैकी नऊ बरोबर निघाले. चंद्रभान मॅट्रिक, त्याचे सात. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत.

माझ्या कानांचं तुम्हाला सांगायला नको. चारांतला कोणता भोंगा खरखरतो, हे मी एसटीत बसून सांगतो. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना सांगून टाकलं की तबकडीवर बोलतात त्या दोघी सख्ख्या बहिणी. थोरली तापट, धाकटी नुकतीच सासरी गेलेली. कासाबाईचा जीव धाकटीवर. "लय घाईनं बोलायलीय बिचारी. घरी चूल पेटवायची आसंल." मला फसवील असं यंत्र अजून निघालेलं नाही, दिनकरराव.

मुंबईला परीक्षेच्या हॉलात शहरातली पोरं कुरकुरायला लागली, केवढं भराभर बोलतात म्हणून. आमची सत्यशीला दोन प्रश्नांच्या मध्ये पेन्सिलीला टोक करत होती! बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, बैलगाडीच्या चालीनं बोलले हो ते." मी म्हणालो, बाई, मोठ्या परीक्षेत कुणी घाई करत नसतं.

काल टपाल आलं. सहाशे तीन! आकडा मी चारी भोंग्यांवरून सांगितला. चंद्रभाननं गिरणीवर गूळ वाटला, आणि कासाबाईलाही दिला.

तुमचा,
रंगनाथ

ता.क. पत्राचं खरं कारण हे. तबकडी तुमच्या साहेबांच्या मुलाची. रोज वाजवून तिला सात चरे पडलेत, आणि थोरली बहीण आता एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते. साहेबांना तुम्हीच गोडीनं सांगा. मामाचं नातं अशाच वेळी कामाला येतं.

आणखी एक. तबकडी बांधताना सत्यशीलाला दिसलं की तिच्यावर मिनिटाला तेहतीस फेरे असं छापलंय आणि आमच्या यंत्राची कळ पंचेचाळीसवर होती, एकवीसही दिवस. सकाळी तेहतीसवर लावून ऐकली. दोन्ही बहिणी पुरुष आहेत.