तोंड मिटून केलेली चढाई

ती. सौ. मंगलताईस,

गोरखचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आम्ही निमगावात बरे आहोत, तुम्ही सगळे आणे गावी तसेच असाल असे धरून चालतो. दाजींचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? (फोनवर विचारले असते, पण तुझ्या सासूबाई स्पीकर लावून ऐकतात आणि मधेच उत्तरही देतात.)

तर रविवारी गावात कबड्डीचे सामने झाले. पाहुणे म्हणून यायचे ते पुढारी साहेब फार उशिरा आले आणि त्यांच्या सत्काराला वेळ पुरावा म्हणून मुलींचा सामनाच रद्द केला. आपली चुलतबहीण हर्षाली आणि तिची टीम दुपारपासून गुडघ्याला पट्ट्या बांधून बसलेली. आमच्या मुलांच्या टीमच्या सातही जणांनी लिंबाखाली ठरवले की निषेध म्हणून प्रत्येकाने तोंड मिटून चढाई करायची. (‘कबड्डी’ म्हटले नाही की पंच परत पाठवतात आणि गुण समोरच्यांना जातो, हे मी सर्वांना दोनदा समजावले. नंतर कोणी म्हणायला नको, माहीत नव्हते.)

पहिली चढाई माझी. गप्प गेलो, शिट्टी झाली, गुण गेला. मग चिमाजी गेला. त्याचे ‘कबड्डी कबड्डी’ लेण्याद्रीच्या गणपतीलाही ऐकू गेले असेल. बाकीचेही त्याच्यासारखेच. मी मात्र प्रत्येक वेळी गप्प. लोक ओरडत होते, “आरं गोरख, तोंडात तंबाखू हाय का? थुक की लेका!” म्हातारी साळुबाई खडीसाखर घेऊन थेट मैदानात आली. आम्ही हरलो. साहेबांनी मात्र मला वर बोलावून शाल घातली: घसा बसलेला असताना पोरगा गावासाठी खेळला! खरे कारण सांगायला मी माईक धरला, तर “घशाला तान नको देऊ राव,” म्हणून निवेदकाने तो काढून घेतला.

तेव्हापासून टीम माझ्याशी बोलत नाही. मी दिसलो की लिंबाखालच्या गप्पा थांबतात. चिमाजी तेवढा एकदा बोलला, “तुला शाल, आमाला हार. लई भारी निषेध!” संध्याकाळी मी रिकाम्या मैदानात एकटाच चढाई करतो, आता मोठ्याने ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत. पकडायला कोणी नसल्यामुळे रोज सुखरूप परत येतो. मला त्याचे काही वाटत नाही.

तुझा,
गोरख

ता. क. – (हे सासूबाईंना वाचून दाखवू नये.) हर्षाली काल म्हणाली, “दादा, तू गप बसून काय व्हनार? आमाला खेळायचंय.” येत्या रविवारी मुली देवळामागे स्वतःच सामना ठेवणार आहेत, साहेब नाहीत, सत्कार नाही. पण त्यांच्यातल्या समृद्धीचे खेळणे घरच्यांनी बंद केल्यामुळे त्या सहाच उरल्या. लग्नाआधी तू घोटा धरलास की कोणी सुटत नव्हते. तेव्हा ये. घरी सांग, भावाचा घसा बसलाय, बघून येते.

दुसरा ता. क. – जमल्यास शनिवारीच ये. वर ‘काही वाटत नाही’ असे लिहिले आहे ते खोडणार होतो, पण पान खराब दिसले असते.