श्वासापुरती वीज

नवघर रोड, मुलुंड पूर्व
१० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. शुभाताईंस,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

तुमचं संक्रांतीचं पत्र आणि कुळथाची पिठी दोन्ही पोचलं. पिठी संपली. पत्र मात्र अजून राजेशच्या उशाशी आहे. तुमचा भाऊ ते रोज एकदा काढून वाचतो आणि तुमच्या अक्षराला नावं ठेवतो. इतकी वर्षं शाळेत शिकवूनही तुमच्या ‘ळ’ला पोट आलंय म्हणे.

आता बसून वाचा. मी गाडी घेतली. घाटकोपरच्या एका टूरवाल्याने धंदा आवरला, त्याचं जुनं मोटारघर आहे. मागे पलंग, एक कपाट, एवढासा ओटा. कागदपत्रं चोख आहेत. वीज मात्र काहीच नाही, ती मला बसवून घ्यायची आहे.

का, ते सांगते. दोन वर्षं झाली, राजेश त्या ऑक्सिजनच्या मशीनला बांधलेला आहे. नळी पोचते तेवढंच त्याचं जग, म्हणजे पलंग, बाथरूम आणि गॅलरीतली खुर्ची. सिलिंडर घेऊन निघावं तर माणगाव यायच्या आत पहिला संपतो. तुम्हाला कमरेमुळे इतका प्रवास होत नाही. फोन लावावा तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि त्याला दोन वाक्यांवर बोलवत नाही. भावाबहिणीने एकमेकांना नुसतं अक्षरात भेटायचं, हे मला आता बास झालं. त्याला प्लगपासून सोडवता येत नाही ना, मग प्लगच चाकांवर घालते.

मशीन तीनशे वॅट खातं. रात्रभरात साधारण तीन युनिटं झाली, आपल्या बिलात येतात तीच. घरच्या इन्व्हर्टरसारख्या ॲसिडच्या बॅटऱ्या घेतल्या तर त्या निम्म्याच वापरायच्या, आणि वजन असं की गाडी खाली बसेल. लिथियमची बॅटरी हलकी असते, जवळजवळ तळापर्यंत वापरता येते. महाग आहे, पण शोधीन. अठ्ठावीस वर्षं भांडुपच्या कारखान्याचं कँटीन चालवलं, किती माणसांना किती भात हा अंदाज माझा चुकला नाही. बॅटरी म्हणजे पातेलं, छतावरचं सोलर पॅनल म्हणजे चूल. आणि इथे जेवणारा एकच आहे!

रागावणार हे ठाऊक आहे. रागावा, पण लोभातलं काही कापू नका.

तुमची,
अनुपमा

*

कोळंबवाडी, ता. देवगड
१९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अनुपमास,
शुभाताईचे अनेक आशीर्वाद.

‘खूळ लागला काय गो तुका?’ तुझं पत्र वाचून तोंडून हेच निघालं, आणि इतक्या मोठ्याने की शेजारची म्हैस वळून बघायला लागली.

भावाला भेटायचं मला नको आहे असं समजू नकोस. पण तू लिहिलंस ते सगळं मुंबईतल्या खुर्चीत बसून लिहिलंस. माझ्या विहिरीवर सोलर पंप आहे. विकणाऱ्याने शंभर सांगितले, हातात साठ येतात. भर वैशाखात पॅनल तापलं की वाढायचं सोडून कमी होतं. ढग आला की पंप उचक्या देतो. पाण्याचं ठीक आहे, संध्याकाळी पुन्हा लावते. श्वासाचं संध्याकाळी कसं लावशील?

दुसरं. बॅटरीच्या स्कूटरी रस्त्यात पेटल्याचे फोटो मी पेपरात बघते. तू माझ्या भावाला त्याच बॅटरीवर निजवणार, नाकाला ऑक्सिजन लावून? जयवंत पोस्टमन म्हणाला की वहिनी हुशार आहेत, बघून घेतील. मी म्हटलं, हुशार आहे म्हणूनच भीती वाटते. येडी असती तर कोणाला तरी विचारलं असतं.

राजेशला सांग, ‘ळ’ला पोट आहे ते शिक्षिकेचं आहे, चालायचं. त्याच्या वहीतल्या ओळी डोंगर चढायच्या, ते मी विसरलेले नाही.

माझा लोभ काही कुठे जात नाही, पण गाडी जाऊ नये असं वाटतं.

तुझी,
शुभाताई

*

मुलुंड पूर्व
८ मार्च २०२५

ती. स्व. शुभाताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा चिडून आणि एकदा पेन घेऊन. दुसऱ्या वाचनाचा उपयोग झाला.

आधी आगीचं. लिथियमच्या बॅटऱ्या एका जातीच्या नसतात. लवकर तापणारी एक जात असते. दुसरी फेरो फॉस्फेटची, जरा जड, पण स्वभावाने थंड. आपली दुसरी. ती पलंगाखाली ठेवलेलीच नाही. मागे डिकीत पत्र्याची वेगळी पेटी केली आहे, तिला बाहेरून हवा. आत रखवालदारासारखं एक सर्किट असतं. बॅटरी फार भरली, फार उतरली किंवा तापली की ते स्वतःच तिला बंद करतं.

पण तिथवर पोचायच्या आधी फसता फसता वाचले. कुर्ल्यात एकाने जुन्या ई-रिक्षांतून काढलेल्या सेलची बॅटरी दाखवली. वर चकचकीत निळं प्लास्टिक, किंमत निम्मी. माझा भाचा नितेश, तो अंधेरीला नोकरी करतो आणि गाडी तोच चालवणार आहे, म्हणाला की आत्या, झकास आहे, घेऊन टाक. मी अट घातली, घरी तपासेन, पटली नाही तर परत. शंभर वॅटचे तीन बल्ब लावून सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवली. दुकानदाराच्या हिशेबाने रात्र व्हायला हवी होती. आमची दुपारची जेवणं व्हायच्या आत बल्ब गेले. बल्ब होते म्हणून ठीक. मी तशीच रिक्षात घालून परत नेली. तो म्हणाला, मॅडम, बल्बच खराब असतील. मी म्हटलं, तिन्ही? एकाच मिनिटाला? मग पैसे दिले त्याने.

शेवटी नवीन घेतली, पाच युनिटांची, पाच वर्षांच्या हमीची. तीसुद्धा तशीच तपासली. पार्किंगमधले दिवे लागले, रात्रीची जेवणं झाली, तरी बल्ब जळत होते. सेक्रेटरी सुयोग सामंत पेटेल म्हणून तक्रार घेऊन आले होते, ते जाताना किंमत विचारून गेले.

पैसे उरले ते फ्रिजला किंवा दुसऱ्या पॅनलला, दोन्हीला नाही. तुमचे शंभराचे साठ आठवले आणि फ्रिज कापला. छतावर आता दोन मोठी पॅनल आहेत. शिवाय गाडी चालू असताना इंजिनावरही बॅटरी भरते, आणि अगदीच वेळ आली तर एक सिलिंडर सोबत आहे. दही वाटेत विकत घेऊ.

एप्रिलच्या मध्यात निघतो. लोभ धरा, आणि सोलकढीला कोकम भिजवून ठेवा.

तुमची,
अनुपमा

*

मुलुंड
२८ मार्च

ती. ताईस,
राजेशचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र अनुपमाला न सांगता लिहितो आहे. नितेश पेटीत टाकेल.

परवा डॉक्टरकडे नेलं होतं. फुप्फुसं आणखी आखडली आहेत. मशीन मोठं घ्यावं लागलं, भाड्याने आलं आहे. आवाज पिठाच्या गिरणीसारखा, आणि विजेला दुप्पट, सहाशे वॅट. अनुपमाची बॅटरी आता सबंध रात्र पुरत नाही. दुसरी घ्यायची तर पैसे नाहीत. ती दिवसभर गाडीत जाऊन बसते आणि कागदावर आकडे मांडते, खोडते.

तिला तू थांबव. तुझं ऐकेल. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी हरलो. मी हरलो नाही गो, पण माझ्यापायी तिची एवढी धावपळ मला बघवत नाही. नाहीतरी आपली भेट झाली काय आणि न झाली काय. पत्रं आहेतच.

ओळी आता डोंगर चढत नाहीत, उतरतात. सांभाळून घे.

तुझा,
राजेश

*

कोळंबवाडी
११ एप्रिल २०२५

चि. सौ. अनुपमास,
अनेक आशीर्वाद.

राजेशने मला तुला चोरून पत्र लिहिलं आहे. तुला थांबव म्हणाला. त्याने नुसतं मशीनचं लिहिलं असतं तर मी थांबवलंही असतं, मुळात माझंच मत ते होतं. पण शेवटी लिहितो की भेट झाली काय आणि न झाली काय. ते वाचलं आणि मी दुपारी जेवले नाही. माझ्या पाठीवर बसून खाडी ओलांडलेलं पोर मला असं लिहितं? त्याला सांग, भेट होणार. तू ये.

आता कामाचं. बॅटरी अख्खी रात्र पुरत नाही, तर रात्री बॅटरीवर काढायच्याच कशाला? मी इथे आणि आधी महाडला मिळून छत्तीस वर्षं शिकवलं. माझ्या निम्म्या मुली त्या मुंबई-गोवा रस्त्यावर दिल्या आहेत, एसटीचे थांबे असावेत तशा. तुझा प्रश्न मला कळला तसा मी चौघींना लिहिला. भावाला घेऊन भावजय येते आहे, अंगणात गाडी लागेल एवढी जागा आणि गीझरला असतो तसा मोठा प्लग हवा. उत्तरं आली. महाडला प्रांजल, दुपारची विश्रांती. चिपळूणला श्रुतिका, रात्रीचा मुक्काम. तिच्या नवऱ्याने प्लग खिडकीबाहेर काढून घेतलासुद्धा. लांज्याला मानसी, दुसरी दुपार. चौथीचं घर डोंगरावर आहे, तिला आभार कळवले.

म्हणजे बॅटरीवर फक्त मधले मधले तुकडे राहतात, आणि ते दिवसाचे. तुझ्या त्या पॅनलांना तेवढं जमायला हवं. नाही जमलं तर मी आहे आणि ती पॅनल आहेत.

त्याच्याशी या पत्रावरून भांडू नकोस. ते मी करणार आहे, समोर बसवून.

कोकम भिजत घातलं आहे, यातच माझा लोभ ओळख.

शुभाताई

*

मुलुंड पूर्व
७ मे २०२५

ती. स्व. शुभाताईंस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. राजेश आत्ता गॅलरीत बसला आहे. शेजाऱ्यांना खाडीचं वर्णन सांगतो आहे, तीन शब्द आणि एक थांबा, तीन शब्द आणि एक थांबा. शेजारी हलत नाहीत.

येतानाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. जाताना कसं सगळं रेखल्यासारखं झालं होतं, म्हणून मी जरा माजलेच होते. परतताना लांजा सोडलं आणि पुढे हातखंब्याच्या अलीकडे चिऱ्यांचा ट्रक आडवा झालेला. ऐन दुपार. पुढे रांग, मागे रांग, वळायला जागा नाही. सगळ्यांची इंजिनं चालू आणि त्यांचा धूर. तो धूर आत येऊ लागला तसा राजेश खोकायला लागला. नितेशने खिडक्या बंद केल्या, टेपने फटी बुजवल्या. आमचंही इंजिन बंद केलं, आमचाच धूर आम्हाला नको म्हणून. मशीन आता नुसतं बॅटरीवर. नितेशचा चेहरा उतरला, हळूच म्हणाला, आत्या, वाट लागली. मी त्याला म्हटलं, गप, पंखा लाव.

आतून माझं काय झालं होतं ते तुम्हाला लिहिते, त्याला सांगितलेलं नाही. सिलिंडरची चावी मी पदरात धरून बसले होते. आकडा दाखवणाऱ्या त्या काचेवरून नजर काढवत नव्हती. सत्तर टक्के होतं. एकोणसत्तर झालं. मग बराच वेळ एकोणसत्तरच. वर सूर्य असा तापला होता की पत्र्यावर भाकरी भाजावी, आणि पॅनल तापून कमी देत होती तरी मशीनला लागेल तेवढं बहुतेक देत होती. चार वाजता रस्ता मोकळा झाला तेव्हा सहासष्ट होतं. राजेश तोवर झोपला होता, तोंड उघडं टाकून. एका पॅनलवर भागवलं असतं तर आकडा निम्म्याखाली गेला असता, आणि रस्ता आणखी अडला असता तर ती चावी मला फिरवावी लागली असती.

श्रुतिकाने चिपळूणला उकडीचे मोदक केले होते. तुमची विद्यार्थिनी म्हणून तिने आम्हाला पाढे म्हणूनही दाखवले.

तुमच्याकडचे दिवस डोळ्यांसमोरून जात नाहीत. सारखी आठवण काढत राहा, आमची चालूच आहे.

तुमची,
अनुपमा

*

कोळंबवाडी
१५ मे २०२५

चि. सौ. अनुपमास,
अनेक आशीर्वाद.

ट्रकचं वाचलं. नितेशला माझ्याकडून पाठीत एक धपाटा आणि एक पायरी आंब्याची पेटी. पेटी पाठवली आहे, धपाटा तू दे.

एक गोष्ट तुला तोंडी सांगायची राहिली. माझ्या अंगणात फणसाची सावली, पॅनलांना ऊन नाही, आणि वादळाने आमचा ट्रान्सफॉर्मर बसल्यापासून वीज येत होती ती फक्त रात्री. म्हणून तुम्ही तीन दिवस दिवसा गाडी वरच्या उघड्या कातळावर, सड्यावर, नेऊन लावत होतात. त्यातल्या दुसऱ्या दिवशी तू मासळी बघायला देवगडला गेलीस. आम्ही दोघंच गाडीत. दार उघडं, समोर खाडी. त्याने एक वाक्य बोलावं आणि थांबावं. मी माझा बरा कान पुढे करावा. बारक्या बारक्या घासांनी जेवावं तसं आम्ही बोललो. मी भांडायचं ठरवलं होतं ते भांडलेही. तो हसला.

मग मी विचारलं, तुला तिच्यावर ओझं झाल्यासारखं वाटतं का रे? त्याने नाकाशी नळी सारखी केली. मला वाटलं, दम लागला. मग म्हणाला, तू ओझं नाहीस असं अनुपमा कधीच म्हणत नाही. ती फक्त विचारते, मशीन किती खातं. दुकानदाराला विचारते, नितेशला विचारते, डॉक्टरला विचारते. त्याच्यावरून कळतं, म्हणाला.

हे त्याने तुला सांगितलं नसणार. दोघं सारखीच आहात. म्हणून मी लिहिलं.

आणखी एक. फणसाच्या दोन मोठ्या फांद्या उतरवून घेतल्या. वाडीतले म्हणाले की एवढं धरतं झाड, कशाला. मी म्हटलं, माझा भाऊ येतो. आता अकरा ते तीन अंगणात सरळ ऊन पडतं. काल मी स्वतः खुर्ची टाकून बसले होते, डोक्यावर पदर घेऊन, अकरापासून तीनपर्यंत. सावली कुठेच आली नाही.

पाऊस सरला की या. लोभाचं वेगळं काय लिहू, अंगणात पडलेलं आहे ते.

तुझी,
शुभाताई