शामकलाची मशीन

हेमेंद्र यांस,

तुमची बायको शामकला निघून गेल्यापासून बंद पडलेली तिची शिलाई मशीन तुम्ही माझ्याकडे दुरुस्तीला पाठवलीत. आज रॉकेलने जुनं तेल काढलं, तरी टाका पडेना. आत मोडलेल्या सुईचा तुकडा निघाला आणि नवी सुई उलटी बसवलेली दिसली.

तुम्ही म्हणाला होता, "ताई, ती दुपारभर शिवून राहिली होती, मंग देवरीच्या बसनं गेली. मशीनले कोणी हात नाही लावला."

अशा उलट्या सुईने एक टाकाही पडत नाही. वीस वर्षं गावाचे ब्लाउज शिवणाऱ्या माझ्या बहिणीला ते ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं.

हे पत्र टाकत नाही. मशीन घेऊन पोलीस ठाण्यात जाते. दर उन्हाळ्यात मासळीसाठी उपसता ती शेतातली बोडी, ते तळं, यंदा का भरलेली ठेवली, ते तिथेच सांगा.

शामकलाची मोठी बहीण,
प्रमिला