ताईंचं सेटिंग

७ फेब्रुवारी, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस, आणि स्वारी जाम खुशीत आहे! नकाशे काढणाऱ्यांचं ऑफिस. खिडकीजवळचं टेबल, गुबगुबीत खुर्ची आणि सगळ्यांच्या कॉम्प्युटरची सूत्रं माझ्या हातात. कोणाची अक्षरं मोठी करायची, कोणाचा माउस हळू करायचा, तर उठून जायचं नाही. माझ्या स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून एन्टर दाबलं की पलीकडच्या खोलीत ते होतं. नवरा म्हणाला, घरात फुकट हुकूम सोडतेस, आता त्याचा पगार मिळेल. मेला! पण हसू आलं.

८ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या आधी इथे ‘ताई’ होत्या. गेल्या हिवाळ्यात याच खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. ऐकून वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण दिवसभर तेच? हिशेबाचे काका सांगतात, ताईंनी त्यांची अक्षरं डोळ्यांना सोसतील एवढीच मोठी केली होती. नकाशेवाल्या बाईंच्या स्क्रीनचा उजेड ताईंनी डोकेदुखी ओळखून कमी केला होता. साहेब म्हणतात, न विचारता सगळं कळायचं ताईंना. डावखुऱ्या होत्या, कधी आवाज चढवला नाही, अक्षरं मोठ्ठी लागायची, स्क्रीन फिकट हिरवी. एवढं सगळं मला एका दिवसात पाठ झालं. मी डबा खाल्ला का, हे मात्र कोणी विचारलं नाही.

१० फेब्रुवारी, गुरुवार

काकांना विचारलं, अक्षरं आणखी ठीक करून देऊ का? ते म्हणाले, “नको गं, ताईंनी केलंय ना, राहू दे.” राहू दे! मेलेल्या बाईचं कौतुक, आणि जिवंत समोर बसलीय ती पाहुणी. माझं डोकंच फिरलं.

सगळे चहाला गेले तेव्हा एक ओळ टाइप केली. रिसेट, सगळ्यांचं, सगळं. म्हणजे प्रत्येकाची स्क्रीन मूळ, कोऱ्या सेटिंगवर. उद्या येतील माझ्याकडे रांगेने, आणि मी एकेकाचं लावून देईन. माझ्या हाताने. फक्त माझा कॉम्प्युटर वगळला, मला माझं सगळं आवडतं तसंच आहे.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

कोणीही आलं नाही.

सगळ्यांच्या स्क्रीन फिकट हिरव्या. मोठ्ठी अक्षरं, आवाज बंद, माउस डावखुरा. मूळ सेटिंग म्हणजे कंपनीकडून आलेलं, असं मी धरून चालले होते. ताईंनी त्या मूळच्या जागी स्वतःचंच सेटिंग घालून ठेवलं होतं, आणि ते आधी तपासून बघायचं मला सुचलं नाही. शिकाऊ माणसाची चूक!

पण तक्रार कशी नाही कोणाची? काकांनी जन्मभर उजव्या हाताने सह्या केल्या. आज डाव्या हाताने केली, झोकदार. बाई डाव्या हाताने रेघा ओढत होत्या. दुपारी सगळे एकदम हसले, आवाज न करता. कशाला हसले ते मला सांगितलं नाही. मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला, की मला का नाही घेतलं.

संध्याकाळी नवरा न्यायला आला. माझं आवरेपर्यंत काकांच्या कॉम्प्युटरवर मेल बघत बसला.

१४ फेब्रुवारी, सोमवार

नवरा डाव्या हाताने दाढी करतो. शनिवारपासून. शुक्रवारी काकांच्या स्क्रीनसमोर बसला होता, तेव्हा मला काही वाटलं नाही.

मी ओरडले तर शांतपणे बघत राहिला. आमचं भांडण म्हणजे शेजारी खिडक्या लावून घेतात, आणि हा हसतोय, गोड, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून. त्याने माझ्याकडे असं कधी पाहिलंय? आमच्या लग्नातसुद्धा नाही. पलीकडे भिंत होती.

ऑफिसात सगळ्यांची सेटिंगं बदलायला बसले. प्रत्येक ओळीला एकच उत्तर, बदलायची परवानगी नाही. परवानगी देणारी मीच आहे ना इथे? मग कुलूप घातलं कोणी?

१५ फेब्रुवारी, मंगळवार

कुठलंही सेटिंग बदललं की लगेच दाखवणारी एक आज्ञा असते. ती लावून बसले. कोणी हात लावत नव्हतं, तरी ओळी येत होत्या. अक्षरं आणखी मोठी. उजेड आणखी कमी. प्रत्येकाला हवं तसं, न विचारता.

माझ्या नावापुढे एकही ओळ नाही. माझ्यासाठी काहीच करायचं नाही त्या ताईला? माझेही डोळे दुखतात.

१६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी त्याने चहाचे दोन कप मांडले. दोन्हींचे कान डावीकडे. माझा कप फडताळातच होता. मी समोर उभी — त्याने बाजूची खुर्ची ओढली, कोणीतरी बसेल अशी — आणि थांबला. मी बसायला गेले तर हाताने अडवलं. हळूच. रागाने अडवलं असतं तर चाललं असतं.

तो माझा नवरा आहे.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात कोणी वर बघत नाही. नवराही आलाय. काकांशेजारी बसलाय, हिरव्या उजेडात — सगळे एकदम हसतात —

कुलूप नसलेलं एकच खातं उरलंय. माझं. पळून जाता येईल. जिना समोर आहे. पण मग तो — तो तिचा, कायमचा —

१७, थोड्या वेळाने

ओळ टाइप केलीय. रिसेट, फक्त माझं नाव. एन्टर बाकी आहे.

तो वळला. माझ्याकडे बघतोय. भिंतीकडे नाही, माझ्याकडे, तसाच, गोड — आता मलाच ना? मलाच बघतोयस ना रे?

उजवा हात वहीवर आहे. मी अजून काही दाबलेलं नाही. डावा हात आपोआप कीबोर्डकडे —